पहिल्या बाकावरची जागा

नारीन, १२ नोव्हेंबर २०१९

शेरगाझी बाइके,

थोरल्या भावाला धाकट्या बहिणीचा, झूराचा सलाम. इकडे यंदा बर्फ लवकर पडलं. वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुम्ही पाठवलेली मेंढ्याची तंगडी पोचली, चिठ्ठीही पोचली.

तंगडी परत पाठवत नाही. माझ्या प्रौढवर्गातल्या बायकांना शिजवून घातली. कुणी पाठवली आणि कशासाठी, तेही सांगितलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुम्ही लिहिता, मुख्याध्यापकाने या वयात मेंढपाळांच्या शेजारी संगणक शिकायला बसणं शोभत नाही. न येताच प्रमाणपत्र दे, नाहीतर सरकारच्या नव्या नियमाने वसंतात खुर्ची जाईल. घरच्या माणसासाठी एवढं करशीलच, असंही लिहिता.

घरच्या माणसाचं काय करायचं असतं ते तुम्हीच मला शिकवलंत. अकरा वर्षांपूर्वी, आठवीत शाळा सुटलेल्यांसाठी सरकारने तुमच्याच शाळेत संध्याकाळचा वर्ग काढला. दाखला मिळाला की बालवाडीच्या स्वयंपाकघरात कायमची नोकरी. यादीत माझं नाव होतं. ते तुम्ही खोडलंत. "घरचीच घेतली तर गाव तोंडात शेण घालील," म्हणालात. मी मानलं. मग माझ्या जागेवर वहिनींची बहीण बसलेली पाहिली.

मॉस्कोत मी जिने पुसले, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसरं कधी बोलले नाही. माझी चार वर्षांची लेक, ऐझिरेक, तुमच्याकडे ठेवून गेले होते. सहा वर्षांनी परतले तर पोर वहिनींच्या मागे लपली. त्यांनाच विचारलं, "आई, ही बाई कोण?" तुम्ही तिथंच चहा पीत होता. हसलात.

त्या हसण्याच्या जोरावर मी शिकले. दिवसा शिवणकाम, संध्याकाळी शाळा. दाखला झाला, पदविका झाली, आणि आता हा वर्ग माझा आहे. ऐझिरेक पंधरा वर्षांची झाली. अजून मला आत्याच म्हणते.

बाइके, तुमचं नाव मी खोडलेलं नाही. सोमवारी नऊला या. पहिल्या बाकावर, तुम्ही चौथीत नापास करून घालवलेल्या झापारशेजारी जागा ठेवली आहे. तो चांगला शिकतोय, अडलं तर त्याला विचारा. परीक्षा मी घेते. जेवढं येईल तेवढेच गुण मिळतील, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

आणि चुकलात तर मी हसणार नाही. बाकीच्यांची हमी देत नाही.

तुमची शिक्षिका,
झूरा