बंद गिरणीतून रोज धूर काढावा लागत असल्याबाबत

प्रति,
मा. दानजमीन तपासणी अधिकारी साहेब,
विभागीय कचेरी.

अर्जदार : ज्ञानोबा पिराजी निर्णेकर, मुख्याध्यापक, मराठी प्राथमिक शाळा, गिरणीवाडी, मन्नाएखेळ्ळीजवळ, जिल्हा बीदर.

विषय : शाळेच्या जागेवरील धुराची अट रद्द होणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे अकरा अर्ज व आपल्या कचेरीची चार उत्तरे. (जावक क्रमांक देता येत नाहीत. कारण शेवटी लिहिले आहे.)

महोदय,

आपल्या खुर्चीवरील साहेब बदलले की हे प्रकरण पुन्हा पहिल्या पानावर येते, हा सात वर्षांचा अनुभव आहे. म्हणून हकिकत मुळापासून लिहितो.

१. कै. जगदेवप्पा शेटजींनी निजामाच्या अमदानीत, सन १९३८ साली, या माळावर वाफेवर चालणारी सूतगिरणी घातली. त्याआधी इथे बाभळी होत्या. गाव गिरणीमुळे वसले, बाजार गिरणीमुळे भरू लागला, आणि ज्या आमच्या वस्तीला कोणी विहिरीजवळ उभे करीत नव्हते, तिच्या हाताला प्रथमच बारमाही काम मिळाले. हे मी नाकारीत नाही. माझे वडील पिराजी या गिरणीत बॉयलरला जाळ घालीत.

२. शेटजींनी मजुरांच्या लेकरांसाठी शाळा बांधून दिली. दानपत्र उर्दूत आहे. त्यातील सहावे कलम असे की, गिरणीच्या धुराड्यातून धूर निघत राहील तोवर जागा व इमारत शाळेची. सलग तीन दिवस धूर निघाला नाही तर दोन्ही वारसांकडे परत. लोक याला शेटजींची हौस समजतात. ती हौस नव्हती. मजुरांनी संप केला की तिसऱ्या दिवशी त्यांच्याच लेकरांची शाळा जाणार, अशी ती बांधणी होती. तेहेतीस वर्षांत गिरणीत तीन दिवसांचा संप एकदाही झाला नाही. वडील म्हणत, "शेटनं साळा दिली न्हाई बाबा, आमच्या गळ्यात दावं बांधलंय. पर तू शिकून घे." मी मोठ्या वयात पाटी धरली, शिकलो आणि त्याच शाळेत मास्तर झालो.

३. सन १९७१ मध्ये गिरणी बंद पडली. शेटजी त्याआधीच वारले होते. त्यांचे नातू श्री. लिंगराज बंगळूरला असतात व शाळेची जागा हमरस्त्यालगत असल्याने तिथे पेट्रोल पंप घालू इच्छितात. गिरणीच्या फाटकाला कुलूप आहे, परंतु धुराड्याच्या बुडाची राख काढण्याचे दार शाळेच्या आवारात उघडते. गिरणी बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी वडिलांनी त्या दारातून जाळ घातला. तेव्हापासून आम्ही रोज सकाळी प्रार्थनेआधी धूर काढतो. मुले पाटीसोबत एकेक तुराटी घेऊन येतात.

४. धूर निघतो की नाही हे पाहण्यासाठी वारसांनी शिवय्या नावाचा राखणदार बसवला आहे. तो रोज वहीत नोंद करतो. त्याची नात आमच्याकडे तिसरीत आहे. खोटे तो लिहीत नाही, पण धूर नसला तर आधी मला हाक मारतो, "मास्तर, धूर दिसंना झालाय. मी तंबाखू मळून येतो, तवर बघा तुमी." एवढी समज मी सरकारात शोधतो आहे.

५. आता आपल्या कचेरीची उत्तरे. पहिले असे की, धूर चालू आहे त्याअर्थी शाळेला धोका नाही, सबब अट रद्द करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दुसरे असे की, धूर चालू आहे त्याअर्थी गिरणी चालू आहे, तरी मजुरांचा हजेरीपट सादर करावा. मी कळवले की गिरणीत मजूर नाही, जाळ मी घालतो. त्यावर तिसरे आले की, मजूर नाहीत त्याअर्थी मजुरांची लेकरेही नाहीत, तरी शाळा कोणासाठी चालते याचा खुलासा करावा. खुलाशात मी एकशे त्रेसष्ट मुलांची नावे वडिलांच्या नावासह लिहून पाठवली. चौथे उत्तर असे की, बंद कारखान्यातून विनापरवाना धूर काढणे गुन्हा असून तो त्वरित थांबवावा. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी आमची गत आहे. धूर काढला तर मी गुन्हेगार, न काढला तर मुले रस्त्यावर.

६. गेल्या माघात वडील वारले. दोन दिवस कोणाला धुराची आठवण झाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी घरात पाहुणे बसलेले असताना मी उठून शाळेत गेलो आणि जाळ घातला. घरी रडू आले नव्हते, ते त्या दारापाशी आले. ज्या शेटजींनी माझ्या बापाला जिवंतपणी रजा दिली नाही, त्यांनी मेल्यावरही त्याच्या घरी सुतक पाळू दिले नाही. याचा मला राग आहे, आणि तो अर्जात लिहिण्याची रीत नाही हे ठाऊक असून लिहीत आहे.

७. तरी विनंती की, सहावे कलम रद्द करून जागा कायमची शाळेच्या नावे करावी. ते होत नसल्यास मला धूर काढण्याचा परवाना द्यावा. पुढच्या वर्षी मी निवृत्त होत आहे. माझ्यामागे येणाऱ्या मास्तराला मी हजेरीपट देईन, खडूची पेटी देईन, पण रोज पहाटे धुराड्याशी बस असे कोणत्या तोंडाने सांगू?

८. मागील कागद का जोडले नाहीत ते लिहितो. गेल्या आषाढात झड लागली. सारे जळण भिजले. दोन दिवस काही केल्या पेटले नाही. तिसऱ्या दिवशी शिवय्या दोनदा तंबाखू मळून आला. अखेर मी कपाट उघडले आणि अकरा अर्जांच्या स्थळप्रती व आपली चारही उत्तरे त्या दारात घालून वर ओल्या तुराट्या रचल्या. धूर असा निघाला की मन्नाएखेळ्ळीहून लोक पाहायला आले. आपल्या कचेरीकडून शाळेला आजवर झालेली ती एकमेव मदत होय, व तीबद्दल आभारी आहे.

कळावे, आणि या वेळी खरोखरच कळावे.

आपला, अद्याप नम्र,
ज्ञा. पि. निर्णेकर
गिरणीवाडी, ता. ७ ऑगस्ट १९७९

सोबत :
(१) दानपत्राची नक्कल.
(२) एकशे त्रेसष्ट मुलांची यादी, दुसऱ्यांदा.

टीप : या अर्जाची स्थळप्रत कोरड्या जागी ठेवली आहे. पावसाळा अजून दीड महिना आहे.