चादरीचं दुसरं टोक

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम वि. वि.

मोडलेला पाय आता बरा आहे हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. कालपासून परांचीवर चढायला लागलो. खाली उभं राहून मजुरांना सूचना देणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने जेवण्यासारखं वाटत होतं. तुझी भावजय म्हणते की लग्नाला नऊ वर्षं झाली, आता तरी ताईंनी मला ‘नवी’ म्हणणं सोडावं. मी म्हटलं, ते तुझं तू मिटव.

बातमी दोन प्रकारची आहे. पाळकसाहेब यंदा मला चर्चच्या मंडळीचा वडील नेमून कारभारात घ्यायचं म्हणतात. आणि आमच्या गल्लीच्या टोकाला बंद खिडक्यांची दगडी इमारत आहे ना, तिथल्या बंधुमंडळाचंही मला बोलावणं आलंय. माझ्या कामावरचा वायरमन आणि माझ्या पायाचे डॉक्टर दोघेही त्यात आहेत, त्यांनीच माझं नाव सुचवलं. गंमत म्हणजे हे लोक सभेला पांढरे एप्रन बांधतात आणि ओळंबा, गुण्या, थापी अशी आम्हा गवंड्यांची हत्यारं समोर मांडतात, माणसाने सरळ वागावं याची आठवण म्हणून. खराखुरा गवंडी मात्र त्यांच्यात आजवर एकही नव्हता. नवी म्हणाली, पहिल्याच दिवशी एप्रनला सिमेंट लावून ठेवाल आणि ते तुम्हाला हाकलतील.

चोवीस तारखेला प्रवेशाचा विधी आहे. पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घ्यायची. शपथ काय ते तिथेच कळतं, आणि नंतर बाहेर कुणाला सांगायचं नसतं, घरातसुद्धा नाही. म्हणून आधीच तुला लिहून टाकलं.

माझ्यावरचा लोभ जागच्या जागी असू दे, आणि उपदेश एका पानात बसव.

तुझा,
धाकटा

●

दि. ८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
पुष्कळ आशीर्वाद.

उपदेश दोन पानांचा होता. तुझ्या दाजींनी वाचून एक पान काढून घेतलं, तेव्हा त्यांचे आभार मान. वॉर्डात सगळ्या खाटा भरलेल्या आहेत, मी ड्यूटीवरच औषधांच्या कपाटाला टेकून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नवीकडून वाचून घे. (ती नवीच राहणार. मी जुनी आहे तोवर.)

पाय बरा आहे हे वाचून पत्र तोंडाशी धरून बसले. मग पुढचं वाचलं आणि लगेच लिहायला घेतलं.

ती माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण जी शपथ आधी ऐकलेली नाही ती तू कुणाच्या भरवशावर घेणार आहेस? आपल्याला तर शपथच वाहू नका असं शिकवलंय, होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही. आणखी एक विचारून घे. आमच्या इथल्या एका वृद्ध रुग्णाने मला सांगितलं की अशा सभांत प्रार्थना होते, पण कुणाचं मन दुखू नये म्हणून प्रभूचं नाव तेवढं गाळतात. हे खरं असेल तर तू तिथे उभं राहून काय म्हणणार आहेस?

आणि घरातसुद्धा सांगायचं नाही, हे वाक्य तू किती सहज लिहिलंस. आई गेल्यावर आपण शनिवारी चादरींच्या घड्या घालायचो. तू एक टोक धरायचास, मी दुसरं. टोक जुळवायला जवळ आलो की त्या आठवड्यात लपवलेली एक गोष्ट एकमेकांना सांगायची, असा आपलाच नियम. काच तू फोडलीस हे मला तसंच कळलं होतं. आता तू असं काही धरून येणार की जे टोक जुळलं तरी सांगता येणार नाही.

रागावलास तर रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई

●

दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सलाम वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा राग आला.

परांचीवरून पडलो तेव्हा मला पाठुंगळी घेऊन कोण धावलं? वायरमन. त्याची स्वतःची पाठ दुखरी आहे. सहा आठवडे मी पायाला वजन टांगून खाटेवर होतो. डॉक्टर रोज येऊन बसायचे, तपासायला नव्हे, बुद्धिबळ खेळायला. मुद्दाम हरायचे, आणि ते मला कळतंय हे मी त्यांना कळू द्यायचो नाही. मंडळीकडून एक कार्ड आलं, सगळ्यांच्या सह्यांचं. उपासनेत माझ्यासाठी प्रार्थना झाली म्हणे. झाली असेल. खोलीत कुणी आलं नाही.

तूही आली नाहीस. रजा मिळाली नाही हे मला माहीत आहे, मी तो विषय कधी काढला नाही, आताही काढायचा नव्हता. पण चादरीच्या गोष्टी सांगतेस म्हणून लिहिलं. ज्यांना बंधू म्हणायला मला चर्चमध्ये शिकवलं ते आले नाहीत, आणि जे आले त्यांना बंधू म्हणायला तू मनाई करतेस.

चोवीस तारखेला मी जाणार आहे.

एवढं लिहूनही तुझा,
धाकटा

●

दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईंस,
नमस्कार वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहितेय. ते मला न सांगता काही करणार आहेत, म्हणजे आमची फिटंफाट झाली असं समजते.

रविवारी पाळकसाहेब घरी आले होते. बंधुमंडळात गेलात तर वडील नेमणं विसरा, आणि तिथून बाहेर पडेपर्यंत प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे येऊ नका, असं स्पष्ट सांगून गेले. पाळकसाहेबांची छत्री राहिली होती ती यांनी गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन दिली.

मी कुणाच्या बाजूने बोलू ते मला समजत नाही. वायरमनभाऊंनी यांना आणलं तेव्हा दोघेही चिखलाने माखलेले होते, कोण पडलंय हेच मला क्षणभर कळलं नाही. त्या माणसाला मी वाईट कशी म्हणू? पण काल मी यांना विचारलं की त्या शपथेत काही असं निघालं की जे मला ठाऊक असायला हवं, तर? म्हणाले, निघणार नाही. मी म्हटलं, हे तुम्हाला कसं ठाऊक? तर उठून अंगणात गेले.

आणखी एक सांगते. माझी आता बाळंतपणाची वेळ जवळ आली आहे, वाकता येत नाही, म्हणून घड्या हेच घालतात. शनिवारी पाहिलं तर चादरीचं एक टोक कपाटाच्या दारात अडकवलं होतं आणि दुसरं धरून एकटे उभे होते. बराच वेळ तसेच. तुम्ही काही लिहा.

तुमची माया आहेच, ती थोडी इकडेही वळवावी.

आपली,
नवी

●

दि. २० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तू लिहिलंस ते खरं आहे. जाऊ नकोस असं मी आता म्हणणार नाही, तो हक्क माझ्याकडे उरलेला नाही.

एवढंच कर. दुसऱ्याने खोदलेल्या पायावर तू कधी डोळे मिटून भिंत उचलली नाहीस. आधी उतरून पाहतोस, मालक कितीही घाई करो. चोवीस तारखेलाही तोच गवंडी राहा.

ताई

●

दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम वि. वि.

गेलो होतो. आतलं सगळं सांगणार नाही. शपथ घेतली नाही, पण पाहुणा म्हणून मला आत घेतलं होतं, तेव्हा त्यांच्या घरातलं त्यांच्यापाशी. माझ्या हातून जे झालं तेवढं लिहितो.

विधीसाठी डोळ्यांवर बांधलेली पट्टी काढली तेव्हा समोर लाकडी खांब होता आणि त्यावर ओळंबा लावलेला. हलू नये म्हणून कुणीतरी त्याच्या दोरीचा गोळा बारीक तारेने खांबालाच बांधून टाकला होता. ताई, बांधलेला ओळंबा काय सांगणार? डॉक्टर गंभीर आवाजात काही वाचत होते आणि माझा हात आपोआप पुढे गेला. तार सोडवली. गोळा झुलायला लागला. डॉक्टर वाचायचे थांबले. पांढऱ्या एप्रनमधली वीस-बावीस माणसं बघत उभी, आणि गोळा काही थांबायचं नाव घेईना. थांबला तेव्हा खांब चांगला बोटभर कललेला निघाला. मागे कुणीतरी खोकलं.

गोळ्याकडे बघून मला धीर आला. मी म्हटलं, शपथ आधी वाचायला द्या. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांत असं कुणी मागितलं नाही, एकेक ओळ आम्ही सांगतो आणि मागोमाग म्हणायची असते. मी प्रार्थनेचं विचारलं. ते म्हणाले, इथे प्रत्येकाचा देव त्याचा त्याचा, म्हणून नाव कुणाचंच घेत नाही. कुणी उर्मट बोललं नाही. मी सांगितलं की परांचीवरून खाली येताना मी ज्याला हाक मारली त्याचं नाव दाराबाहेर ठेवून मला आत येता येणार नाही. आणि जे बायकोला सांगता येणार नाही ते न वाचता मी कबूल कसं करू? डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, एका माणसासाठी नियम बदलत नाही, पण तुमचा राग नाही. मला वाटतं थोडा होता.

वायरमन माझ्याबरोबर बाहेर पडला. गल्लीभर माझ्या पुढे चालत राहिला. मला वाटलं, तुटलं. फाटकाशी थांबून म्हणाला, तुमच्या स्वयंपाकघरातला पंखा आवाज करतो, रविवारी बघायला येतो.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आनंदाने अभिनंदन करायला आले, वडील नेमायचं पत्र खिशात घेऊनच. मी ते घेतलं नाही. म्हटलं, सहा आठवड्यांत माझ्या खाटेशी मंडळीतलं कुणी बसलं नाही. आजाऱ्यांच्या घरी जायचं काम आधी ठरवा, ते मी करीन, वडील न होताही. ते छत्रीची मूठ फिरवत बराच वेळ बसले. जाताना छत्री या वेळी आठवणीने नेली.

आता माझ्याजवळ लपवलेलं काही नाही. खरं तर मोकळं वाटायला हवं होतं. दोन्ही दारांच्या मध्ये उभा आहे, एवढंच वाटतं.

तुझ्या लोभावर टेकलेला,
धाकटा

●

दि. २ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि नव्या बाळाला आगाऊ.

तुझ्याजवळ काही उरलं नाही. माझ्याजवळ आहे.

मला रजा मिळाली होती. चांगली आठ दिवसांची. पिशवी भरून मी बस स्थानकावर गेले होते. तुझ्या गावच्या तीन गाड्या माझ्यासमोरून गेल्या आणि मी बाकावर बसून राहिले. मग घरी परत आले. रजा रद्द झाली असं तुझ्या दाजींनाही सांगितलं आणि तुलाही लिहिलं.

आईचा पाय असाच वजन लावून टांगला होता. तू लहान होतास, तुला बाहेर खेळायला पाठवायचे. मी तिच्यापाशी बसायचे. ती त्या खाटेवरून उठली नाही. मी आता रोज परक्यांचे पाय टांगते, वजनं लावते. पण तुझा पाय तसा बघायची माझी छाती झाली नाही. मंडळीतली माणसं का आली नाहीत ते मला ठाऊक नाही. मी का आले नाही ते हे. आणि हे पोटात ठेवून मी तुला गुपित बाळगू नकोस म्हणून पान भरून लिहिलं. तू देवाच्या नावासाठी त्यांना नाही म्हणालास. मी माझ्या भीतीसाठी तुझ्याशी खोटं बोलले, तेही कुणी शपथ घातली नसताना.

हे पत्रात सांगून सुटायचं नव्हतं. समोर सांगायचं होतं. म्हणून शनिवारी दुपारच्या गाडीने येते. बाकावर बसणार नाही, गाडी लागली की चढते. नवीचं बाळंतपण होईपर्यंत राहीन. ती मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

चादरी धुऊन ठेव. घड्या घालू नकोस, आणि कपाटाचं दार लावून घे. दुसरं टोक माझं आहे.

जमलं तर माफ कर, नाही जमलं तरी स्थानकावर ये.

तुझी,
ताई