एरिकला शिकवलेल्या रीती

चिआंग माई, गुरुवार

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी मजेत आहे. बाबांचा गुडघा आता कसा आहे?

रविवारच्या बसने एरिकला घेऊन घरी येतेय. तो मला दूर नेईल अशी धास्ती घेऊन बसू नकोस, त्याने इथल्याच शाळेत नोकरी धरलीय. आणि परदेशी पाहुण्यांना रीतभात सांगणं हे गेस्टहाउसमधलं माझं रोजचंच काम, त्यामुळे त्याची तयारी पक्की आहे. चपला पायरीशी काढेल, कुणाच्या डोक्याला हात लावणार नाही, बुद्धाकडे पाय करून बसणार नाही.

बाळाला गोंडस म्हटलं की भूत उचलून नेतं, म्हणून कुरूप म्हणायचं, हे मात्र त्याने फारच मनावर घेतलंय. मालकीणबाईंच्या नातीला तो रोज म्हणतो, "काय गं कुरूप दिसतेस." बाई खूश होऊन त्याला जास्तीचा भात वाढतात. मला म्हणतात, "हा हातचा घालवू नकोस."

काल मी नवं रेशमी लुगडं नेसले. तो बघतच राहिला, मग हळूच म्हणाला, "फार कुरूप दिसतेस."

तुझ्यासमोर असं काही बोलला तर रागावू नकोस, आई. मला कुणी उचलून नेईल ही धास्ती त्यालाही आहे.

तुझी कुरूप लेक,
फिकुन