रात्री नऊचं विमान

आई, आज विमानाचं तिकीट काढायला नवी पेठेत गेले होते. तू गेल्याला नऊ वर्षं झाली, आणि तुझ्या धाकट्यानं आता पहिल्यांदाच मला सॅन फ्रान्सिस्कोला बोलावलंय. तेरा-साडेतेरा हजार किलोमीटर, मधला थांबा धरून बावीस तास. परतीचं तिकीट वाचताना मी अडखळले. तिथून शनिवारी रात्री नऊला निघायचं आणि मुंबईत सोमवारी सकाळी साडेसातला उतरायचं, हे तर साडेचौतीस तास होतात. तिकीटवाल्याला म्हटलं, काहीतरी चुकलंय. तो मान वर न करता म्हणाला, "मॅडम, तिथले रात्रीचे नऊ म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ की." मी तिकीट उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तू गेलीस त्या दिवसाचे तास पुन्हा मांडले.

तू गेलीस तो रविवार. ऐन उन्हाळा. पहाटेच त्याला कळवलं होतं, सकाळी सहाला परत फोन लावला. रडत रडत म्हणाला, रात्री नऊचं विमान मिळालंय, मी येतोय, थांबा. दारात माणसं जमलेली. मामा विचारतो, कधी पोचतोय? मी, शाळेतली भूगोलाची बाई, बोटांवर मोजते: आज रात्रीचे नऊ, पुढे बावीस तास, मुंबईहून गाडीनं आठ. सांगते, मंगळवारी पहाटे. मामा म्हणतो, "एक रात बर्फावर काढली असती. दोन न्हाय जमायच्या." संध्याकाळी तुला नेलं. त्याचा फोन दिवसभर बंद होता. मला वाटलं, रडून रडून झोपला असेल. अगं, तो सकाळी साडेनऊपासून विमानात होता! सोमवारी दुपारी साडेतीनला तो दारात उभा राहिला, तेव्हाही आम्ही समजलो, आधीचं विमान मिळालं असेल. कुणी विचारलंसुद्धा नाही.

वीस वर्षं मी मुलांना रेखांश शिकवतेय. एका अंशाला चार मिनिटं. हे गणित चुकलेल्या पोरांना मी तासभर उभं केलंय. आणि शाळेचं तोंड न पाहिलेली तू, टॉवेलच्या दशांना गाठी मारता मारता, त्याची झोपायची-उठायची वेळ बरोबर सांगायचीस. एकदा भर दुपारी मी त्याला फोन लावत होते, तर हातातून काढून घेतलास. "एवढी शिकलीस, तितं मध्यरात हाय एवढं कळंना व्हय?" मला तुझा राग आला होता. दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही.

त्या सोमवारी तो तुझ्या रिकाम्या खाटेपाशी बसला आणि एवढंच म्हणाला, "मी थांबा म्हणालो होतो, आक्का." सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणून गेले, आईच म्हणायची, माझ्यासाठी कुणाला खोळंबवू नका. त्यानं ते खरं मानलं. तेराव्यानंतर गेला तो वर्षश्राद्धालाही आला नाही. पुढच्या महिन्यात त्याच्या घरी बसून तासांची चूक मी सांगेन, ती सांगता येईल. पण हे पत्र त्याच्या हाती पडू देणार नाही. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून तू म्हणाली होतीस, "त्यो आल्याबिगर मला हलवू नगा." हे त्याला अजून ठाऊक नाही.