गुरुवार, सव्वापाच ते सहा : बाबा

२ जून, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून घरातली धावपळ बंद. गेली अठरा वर्षं मी डेपोत एकशे चाळीस बसगाड्यांचं वेळापत्रक बसवतोय. आठ वर्षांची एक मुलगी आणि तिचे सहा क्लास बसणार नाहीत? सहा रंगांत तक्ता करून फ्रिजवर लावला. पोहणं, स्केटिंग, अबॅकस, बुद्धिबळ, की-बोर्ड, चित्रकला. शिवाय माझी खास कल्पना: गुरुवारी सव्वापाच ते सहा फक्त ती आणि मी. त्या चौकटीत लिहिलं, ‘बाबा’.
बायको तक्ता बघून ‘छान’ म्हणाली. तिचं ‘छान’ मला लग्नापासून कळलेलं नाही.

५ जून, गुरुवार
‘बाबा’ रद्द. पोहण्याच्या सरांनी जादा सराव ठेवला. ठेवला म्हणजे, ठेवता का, असं मीच विचारलं. समोरच्या दंतवैद्यांची मुलगी पन्नास मीटर पोहते. आमची पंचविसाव्या मीटरला काठ धरते. मला स्पर्धा बिलकूल मान्य नाही. पण काठ धरणंही बरं नव्हे.

१२ जून, गुरुवार
‘बाबा’ रद्द. काल जिन्यात दंतवैद्य भेटले. सहज म्हणाले, मुलीला फ्रेंच लावलंय. मीही सहज म्हणालो, आमचीलाही. मग लावणं भागच पडलं. पहिला तास आजच होता, पुढचे मंगळवारी.

१४ जून, शनिवार
मुलीला स्केट्स घालूनच अबॅकसच्या दारात उतरवलं. चूक माझी नाही. तक्त्यातला निळा आणि जांभळा सारखेच दिसतात. अबॅकसच्या बाई म्हणाल्या, निदान वेळेवर आणलंत. बरं वाटलं.

१९ जून, गुरुवार
‘बाबा’ अखेर झाला! पंचेचाळीस मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून आखणी केली होती. गप्पा पंधरा मिनिटं, खेळ वीस, उरलेली दहा राखीव. मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली. वही कुठली आणू, म्हणाली. मग तिनंच गप्पांचा विषय विचारला. आयत्या वेळी मला सुचेना. दोघं गॅलरीत बसून राहिलो. सहाला दोन मिनिटं असतानाच आटोपलं. फार निवांत वाटलं.

२५ जून, बुधवार
मुलगी जेवता जेवता झोपली. घास तोंडातच. बायको भडकली. म्हणाली, एक तरी क्लास बंद कर, नाहीतर तो तक्ता मी फाडते. मी मोठं मन केलं. म्हटलं, कुठला बंद करायचा ते मुलीनंच ठरवावं. माझा अंदाज बुद्धिबळाचा. फ्रेंच सोडलं तरी हरकत नाही. दंतवैद्यांना सांगायची काय गरज?

२६ जून, गुरुवार. संध्याकाळ
मुलीनं फ्रिजपाशी स्टूल ओढलं. चढली. बोट फिरवत सगळे क्लास वाचले. मग लाल पेननं ‘बाबा’वर फुली मारली.
मी समजावलं, अगं, हा क्लास नाही. म्हणाली, मग तक्त्यात कशाला आहे?
कारण विचारलं. उगाच विचारलं. म्हणाली, त्यात काय करायचं ते मला कळत नाही. आणि तू सारखा घड्याळ बघतोस.
नकळत नजर घड्याळाकडे गेली. पाच वाजून बावीस मिनिटं.
तिनं ते पाहिलं.