फ्रिजच्या खोक्यातलं ग्रहण

महाळुंगे पडवळ,
२६ ऑक्टोबर २०२२

आदरणीय मेव्हणे दादाभाऊ यांना सुनीलचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे खुशाल. तुमचा गुडघा आता वाकत असेल. (फोनच केला असता, पण मान आखडल्यामुळे तो कानाला लागत नाही. खाली बघून लिहिणं तेवढं जमतं.) गुढीपाडव्यापर्यंत सांभाळायला दिलेला तुमचा नवा फ्रिज सुखरूप आहे. खोक्याचं पुढं सांगतो.

काल प्रतीक्षाला बघायला मंचरहून भागुजीराव मुलाला घेऊन आले. सूर्यग्रहणाची वेळ त्यांनीच मुद्दाम धरली. आपण ग्रहण पाळत नाही, तर पोहेही ग्रहणातच खायचे, असा त्यांचा बाणा. मुलगा रुपेश आपल्या पोरीला फोटोतच आवडलेला, त्यामुळे बापाला खूश करणं भाग होतं. सूर्याकडं थेट बघायचं नसतं, म्हणून मी यंत्र केलं. तुमचं खोकं अंगणात आडवं टाकलं, पश्चिमेच्या टोकाखाली विटा लावल्या, तिथं दाभणानं भोक पाडलं, समोरच्या टोकाला पांढरा कागद चिकटवला आणि कुशीला आत शिरायला दार कापलं. खोकं एका फ्रिजच्या मापाचं असतं, दोन व्याह्यांच्या नव्हे, हे आम्ही दोघं आत गेल्यावर कळलं. कागदापुढं माझं डोकं आलं. मी सरकणार तोच भागुजीराव ओरडले, "हलू नका राव! तुमच्या टकलावर लई झ्याक दिसतोय!"

तासभर बोराएवढा सूर्य माझ्या टकलावर होता. चंद्रानं त्याचा घास घेतला म्हणतात. मला फक्त भागुजीरावांचे गुडघे दिसले. तुमच्या बहिणीनं, मोहिनीनं पोहे आत सरकवले, ती बशी त्यांनी माझ्या पाठीवर ठेवली. एकदा शिंकलो तर सूर्य हलवला म्हणून बोलणी खाल्ली. पण दादाभाऊ, पोरीसाठी मी मान वर केली नाही. दिवस मावळल्यावर खोकं फाडूनच आम्हाला बाहेर काढलं. "पसंत! असं थाऱ्यावरचं डोकं आमच्या सोयऱ्यांत न्हाई," म्हणाले आणि गेले. मुलगी बघायची राहूनच गेली. (रुपेशनं मात्र बघितली. दोघं तासभर चाळणीतून भिंतीवर पडलेले सूर्य मोजत होते.)

तुमचा,
सुनील

ता. क. फ्रिज आता बिनखोक्याचा आहे. चालू करून बघितला, पाणी छान गार होतं.

ता. क. २. खरं काम हे. भागुजीराव म्हणतात, लग्नही सूर्यग्रहणातच लावायचं. आपल्याकडं पुढचं थेट २०२७ साली! पोरीनं रडून डोळे सुजवलेत. तुम्ही मामा, तुमचा शब्द ते मानतील. चंद्रग्रहणही चालतं, एवढं त्यांना पटवा. ते येत्या ८ नोव्हेंबरला संध्याकाळी आहे.

ता. क. ३. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी दिसतं, हे मात्र त्यांना सांगू नका. टकलाशिवाय दिसत नाही असंच त्यांना वाटू द्या. फ्रिजचं आणखी एक खोकं मिळालं तर बघा.