चौदावा सभासद

३ मार्च, सोमवार

वखारीत दिवसभर एका रांगेत तंबाखू निवडणाऱ्या बारा बायकांना एकमेकींशी बोलायला ॲप कशाला लागतं? त्या बारांतल्या एकीचा, आईचा प्रश्न. मी म्हटलं, लागतं. बी.ए. झालेय मी!

कारण मात्र खरं आहे. वखारीत बायकांना संडास नाही. चिकोडीला लेबर ऑफिसच्या साहेबांकडे अर्ज द्यायचाय. पण रांगेच्या डोक्यावर मुकादम यल्लाप्पा उभा, आणि वखारीच्या फोनवरच्या ग्रुपचा ॲडमिनही तोच. अगोदर कळलं तर सगळ्यांना घरी बसवेल.

४ मार्च

तीन ॲप पाहिली. तक्ता आखला. एकात मराठी नाही. दुसरं आईच्या फोनवर उघडतच नाही. तिसऱ्यात कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही — हेच! ग्रुपचं नाव ठेवलं 'समता'.

आई म्हणाली, "नाव बरं हाय, मैत्रे. बटण कुठलं दाबू?"

६ मार्च

'समता'त सभासद दोन. मी आणि आई. आईचं मीच घालून दिलं.

९ मार्च, रविवार

सगळ्या आल्या! एका दिवसात! लगेच सगळं टाकलं — अर्जाचा मसुदा, सोमवार सतरा तारीख, निपाणी स्टँडवरून नऊची बस. पहिला अंगठा मिनिटात आला.

११ मार्च

मोजलं. बारा बायका आणि मी — तेरा. सभासद चौदा. जास्तीचा कोण? नंबर दिसत नाहीत. तीच तर खुबी होती!

आईच्या रांगेतल्या माधवीआक्कांना विचारलं. "आमास्नी कुठं जमतंय गं ते? सगळ्याजणी परशरामच्या मोबाईल दुकानात गेलतो. वर म्हणाला, काय अडलं तर मी हाय ग्रुपात."

"आक्का, तो मुकादमाचा जावई!"

"व्हय की. म्हणून तर फुकट घालून दिलं."

१२ मार्च

मुकादम आईला हसत म्हणाला, "पारूबाई, सतराला रजा पायजे काय?"

आई जेवली नाही. मी चौथं ॲप शोधत होते. आईनं माझ्या हातातला फोन काढून घेतला.

१३ मार्च

तक्ता फाडला. 'समता' बंद केला. मुकादमाला कळलंच आहे, तर आता लपवायचं काय? सकाळी आईच्या फोनवरून मुकादमाच्याच ग्रुपात, मालकासकट सगळ्यांसमोर, अर्ज टाकला. तारीख, बस, सगळं. खाली एकच नाव — पारूबाई भीमसेन कांबळे. लिहिलं मी. बटण आईनं दाबलं. कुठलं, ते न विचारता.